सवलतीचे कार्ड आणि रेशनचे कार्ड

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीरेकाठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका लागतो. ऊस, डाळिंब, दारात दोन म्हशी, आणि ज्याला जमीन नाही त्याला रोजंदारी किंवा वालचंदनगर-बारामतीकडची नोकरी, असे इथल्या बहुतेक घरांचे जगणे. याच गावातल्या एका वाचक भगिनींचा आम्हाला फोन आला. त्या म्हणाल्या, "तुम्ही मासिकात दवाखान्याबद्दल, औषधांबद्दल लिहिता. एकदा आमच्या घरी या आणि एक कार्ड बघून जा. हे नेमकं कशाचं कार्ड आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

आम्ही गेलो. चहा झाल्यावर खालांनी कपाटातून एक चकचकीत प्लास्टिकचे कार्ड काढून समोर ठेवले. त्यावर हसऱ्या कुटुंबाचा फोटो, एक हेल्पलाइन नंबर आणि खाली ठळक अक्षरांत 'संपूर्ण कुटुंबाला आरोग्य सुरक्षा'. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यातली शेवटची ओळ आम्ही भिंग लावून वाचली. हे कार्ड म्हणजे विमा नाही, असे तिथे लिहिले होते.

दोन घरांत दोन बोलणी

कार्ड विकायला आलेला तरुण ओळखीतूनच आला होता. उसाचे बिल नुकतेच खात्यावर जमा झाले होते. कार्डाची किंमत २,९९९ रुपये, पाच माणसांसाठी एक वर्ष. मोठ्या दवाखान्यांत '५० टक्क्यांपर्यंत' सूट मिळेल, असे त्याने सांगितले.

खाला म्हणाल्या, "मी त्याला विचारलं, बेटा, हा इन्शुरन्स आहे का? इन्शुरन्सचं आमच्या घरात जमत नाही, ह्यांना ते पटत नाही. तर तो म्हणाला, नाही खाला, हा इन्शुरन्स नाहीच. यात व्याज नाही, काही नाही. तुमच्या लोकांसाठी हेच बरं."

शेजारच्या घरात मात्र त्याच तरुणाने सांगितले होते की हे इन्शुरन्ससारखेच आहे, फक्त स्वस्त. वय विचारत नाहीत, जुना आजार विचारत नाहीत, कार्ड दाखवले की काम झाले. दोन्ही घरांनी कार्ड घेतले. एकाने ते विमा नाही म्हणून घेतले, दुसऱ्याने विमा आहे असे समजून.

गेल्या उन्हाळ्यात खालांच्या पतीच्या छातीत पहाटे कळ आली. मुलाने गाडी काढली आणि शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात नेले, कारण कार्डाच्या यादीत त्या रुग्णालयाचे नाव होते. काउंटरवर कार्ड दाखवल्यावर उत्तर मिळाले, "कार्ड चालेल, पण सूट शेवटच्या बिलावर. आधी ५० हजार डिपॉझिट भरा." खालांच्या बांगड्या सकाळी दहाच्या आत गहाण पडल्या. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, अल्लाहच्या कृपेने माणूस घरी आला. बिल झाले १ लाख ८५ हजार. कार्डाची सूट होती फक्त खोलीच्या भाड्यावर, १० टक्के. चार दिवसांचे भाडे १२ हजार, म्हणजे सूट १,२०० रुपये. कार्डासाठी मोजलेले २,९९९ रुपयेसुद्धा त्यातून वसूल झाले नाहीत.

खालांना सर्वांत जास्त लागले ते पुढचे. महिनाभराने दुसऱ्या एका नातेवाइकाला बघायला त्या गेल्या, तेव्हा तिथल्या आरोग्यमित्राशी बोलणे झाले. त्याने सांगितले की अँजिओप्लास्टी शासनाच्या योजनेत बसते. योजनेतल्या रुग्णालयात नेले असते, तर रेशन कार्ड आणि आधार कार्डावर हेच उपचार पैसे न भरता झाले असते.

"रेशन कार्ड घरात पेटीत होतं," खाला म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही, आम्ही दाखवलं नाही."

या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे, ते या एका वाक्यात आले. सवलतीची कार्डे का फसवतात आणि कायदा त्यांना का पकडत नाही, हे आपण पाहू. पण तुमच्या पेटीत जे कार्ड आधीपासून आहे त्याचे मोल कळले, तर निम्मे काम तिथेच होते.

तीन कागद, तीन वेगळे अर्थ

आजारपणात उपयोगी पडणारे तीन प्रकारचे कागद घरात असू शकतात. ते एकसारखे दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे.

पहिला विम्याचा. विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत रुग्णालयाचे बिल स्वतः देण्याचे वचन देते. १९३८ च्या विमा कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा धंदा कुणालाही करता येत नाही. त्यावर विमा नियामक व विकास प्राधिकरणाची, म्हणजे आयआरडीएआयची देखरेख असते. कंपनीकडे किती पैसा राखून ठेवलेला असावा, दावा कसा निकाली काढावा, ग्राहकाने कुठे दाद मागावी, हे सारे ठरलेले आहे. २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते.

दुसरा शासनाच्या योजनेचा. इथे खर्च शासनाच्या तिजोरीतून होतो. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही.

तिसरा सवलतीच्या कार्डाचा. इथे कंपनी तुमचे बिल भरत नाही, एक रुपयासुद्धा नाही. काही रुग्णालये, लॅब, चष्म्याची दुकाने, दातांचे डॉक्टर यांच्याशी तिचा करार असतो. तुम्ही कार्ड दाखवले तर ते काही सूट देतील, एवढेच. पूर्ण बिल तुम्हालाच भरायचे असते.

पहिल्या दोन कागदांमागे पैसे देणारा कुणीतरी उभा असतो. तिसऱ्यामागे तसा कुणी नसतो. जो बिल भरण्याचे वचनच देत नाही त्याच्यावर विमा कायदा सहसा लागू होत नाही. म्हणून ही कार्डे विमा नियामकाच्या जाळ्यातून सुटतात, आणि आपल्या देशात खास त्यांच्यासाठी केलेला वेगळा कायदा नाही. कार्डामागची ती बारीक ओळ ग्राहकाला सावध करण्यापेक्षा कंपनीला वाचवण्याच्या कामी येते.

विमा घ्यावा की नाही याबद्दल आपल्या उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. तो निर्णय ज्याचा त्याने जाणकार आलिमांना विचारून घ्यावा, त्यात आम्ही पडत नाही. पण आपल्या मनातल्या या शंकेचा उपयोग विक्रीसाठी होतो आहे, हे लक्षात घ्यायला हवे. एखादी वस्तू 'विमा नाही' म्हणून आपोआप स्वच्छ व्यवहार ठरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते, तेव्हा विक्रेत्याला ते ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारतात, ही हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला हसरे कुटुंब आणि मागे मुंगीच्या अक्षरांत खरी गोष्ट, हा त्याच प्रकारचा ढीग आहे.

सूट कशावर?

'५० टक्क्यांपर्यंत सूट' यात दोन शब्दांकडे बघा. पहिला 'पर्यंत'. ५ टक्के दिले तरी तेही ५० टक्क्यांपर्यंतच झाले. दुसरा प्रश्न, सूट कोणत्या दरावर?

समजा, एका लॅबमध्ये तपासणीचा छापील दर ५,००० रुपये आहे. कार्डावर ३० टक्के सूट मिळाली, म्हणजे तुम्ही ३,५०० दिले आणि १,५०० वाचले असे वाटले. पण तीच तपासणी पलीकडच्या गल्लीत कुठल्याही कार्डाशिवाय ३,२०० ला होत असेल, तर तुमचे ३०० रुपये जास्तच गेले, वर कार्डाचे पैसे वेगळे. मूळ दर माहीत नसेल तर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

दर विचारण्याचा हक्क मात्र आपल्याला आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून खाजगी रुग्णालयांनी खोलीचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क अशा ठरावीक बाबींचे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक दिसले नाही तर विचारा. कार्डाची सूट त्या दरपत्रकाशी ताडून बघा.

आणखी एक गोष्ट. कार्डाच्या यादीत रुग्णालयाचे नाव आहे म्हणून ते रुग्णालय तुमच्या आजारासाठी चांगले, असे नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे किंवा घेणे डॉक्टरांना व्यावसायिक आचारसंहितेने मना आहे. ती २००२ पासून लागू आहे. तरीही 'कट प्रॅक्टिस' हा शब्द महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. २०१७ मध्ये ती रोखण्यासाठी राज्यात कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. म्हणून कुठल्या दवाखान्यात जायचे हे कार्डाच्या यादीवरून ठरवू नये. आजार पाहून, फॅमिली डॉक्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सगळीच कार्डे खोटी असतात, असे आम्ही म्हणत नाही. दात, चष्मा, नेहमीच्या रक्ततपासण्या अशा खर्चांत एखाद्या कार्डाचा उपयोग होतोही. शासनाच्या योजनेत असा बाहेरचा किरकोळ खर्च बहुधा बसत नाही. पण ते कार्ड त्याच कामासाठी, तेवढ्याच अपेक्षेने घेतले पाहिजे.

दुसरीकडे काय केले?

अमेरिकेत अशा कार्डांचा सुळसुळाट आपल्याआधी झाला. तिथे सरकारी आरोग्य योजना सर्वांना नाहीत आणि विमा महाग, त्यामुळे स्वस्त कार्डाला गिऱ्हाईक भरपूर. फ्लोरिडा राज्याने २००४ मध्ये त्यासाठी खास कायदा केला. पुढे राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने एक नमुना कायदा तयार केला आणि अनेक राज्यांनी आपापले नियम केले. ऑगस्ट २०१० मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने बऱ्याच राज्यांच्या साथीने, सवलतीची कार्डे विमा म्हणून विकणाऱ्यांवर एकाच वेळी कारवाया जाहीर केल्या.

त्या कायद्यांतल्या चार तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. कंपनीने परवाना घेतला पाहिजे आणि ठरावीक भांडवल दाखवले पाहिजे. 'हा विमा नाही, पूर्ण बिल तुम्हालाच भरायचे आहे' हे वाचता येईल अशा अक्षरांत, विक्रीच्या आधी सांगितले पाहिजे. 'कव्हरेज', 'प्रीमियम' असे विम्याचे शब्द जाहिरातीत वापरता येत नाहीत. आणि ३० दिवसांत ग्राहकाने कार्ड परत केले तर पैसे परत दिले पाहिजेत.

निरवांगीच्या खालांच्या घरी आलेल्या तरुणावर या चारपैकी एकही बंधन नव्हते. विम्याच्या एजंटाला परीक्षा द्यावी लागते, विमा कंपनीकडून रीतसर नेमणूक घ्यावी लागते. कार्ड विकणाऱ्याला मोटरसायकल आणि पावतीपुस्तक पुरते. खालांच्या घरी तर पावतीसुद्धा दिली नव्हती. आपल्याकडे असा कायदा व्हावा, निदान आरोग्याच्या सवलत-कार्डांची नोंदणी, मराठीत ठळक सूचना आणि ३० दिवसांची परतफेड एवढे तरी राज्य सरकारने बंधनकारक करावे, अशी आमची मागणी आहे. ग्रामसभेत आणि आमदार-खासदारांच्या भेटीत ही मागणी आपणही मांडू शकतो.

आज हातात काय आहे?

वेगळा कायदा नाही म्हणजे दादच नाही, असे समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सर्व सेवांना लागू आहे आणि कार्ड ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. विमा नसलेली गोष्ट विमा असल्यासारखी दाखवणे ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. त्यासाठी २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. बिल किंवा पावती न देणे हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

गावातल्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची सोय अशी की कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो वा आणखी कुठे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. निरवांगीच्या माणसाला पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते आणि बऱ्याच वेळा कंपनीशी बोलून तिथेच मार्ग निघतो.

ही वाट आपल्याच जिल्ह्याने घडवली आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला.

पेटीतले कार्ड

आता त्या रेशन कार्डाकडे वळू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ओळखली जात होती. ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. आधी ती ठरावीक रंगांच्या रेशन कार्डांपुरती होती. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. पांढरे कार्ड असले तरीही.

ही योजना सर्व दवाखान्यांत चालत नाही. योजनेत नोंदलेल्या, म्हणजे अंगीकृत सरकारी आणि खाजगी रुग्णालयांतच चालते, आणि ठरवून दिलेल्या उपचारांसाठीच. हृदय, मूत्रपिंड, कॅन्सर, मेंदू, हाडांच्या शस्त्रक्रिया असे मोठे खर्च त्यात येतात. तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडे हे सारे पॅकेजमध्ये धरलेले असते. अशा प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. आत गेल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा, "हा आजार योजनेत बसतो का?" रुग्ण तातडीचा असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. माहितीसाठी नंबर १५५३८८. घरात ७० वर्षांवरचे कुणी असेल तर २०२४ पासून त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्डही मिळते. केंद्राच्या योजनेचा नंबर १४५५५.

याशिवाय आणखी दोन दरवाजे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आणि विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या गटात रुग्ण बसतो. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही, हेही त्या योजनेत आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

सवलतीच्या कार्डाची खरी सवलत जास्तीत जास्त काही हजारांची. पेटीतल्या कागदांची किंमत लाखांत आहे, आणि ते आपण आधीच कमावलेले आहेत.

घेण्याआधी सात प्रश्न

कार्ड विकायला कुणी दारात आले तर एवढे विचारा, आणि उत्तरे कागदावर लिहून मागा.

१. हा विमा आहे का? असेल तर विमा कंपनीचे नाव आणि तिचा नोंदणी क्रमांक सांगा. खात्री आयआरडीएआयच्या १५५२५५ या नंबरवर करता येते.

२. मी दवाखान्यात दाखल झालो तर तुमची कंपनी स्वतः किती रुपये भरणार? उत्तर 'काही नाही' असेल तर ते फक्त सवलत-कार्ड आहे.

३. आमच्या तालुक्यातल्या कोणत्या दवाखान्यांत आणि लॅबमध्ये हे चालते? यादीतल्या दोन ठिकाणी त्याच्यासमोर फोन लावून विचारा.

४. सूट कोणत्या बाबीवर, किती टक्के, आणि मूळ दर किती? 'पर्यंत' हा शब्द चालणार नाही.

५. डिपॉझिट भरावे लागेल का?

६. पटले नाही तर किती दिवसांत पैसे परत?

७. कंपनीचा पूर्ण पत्ता असलेली पावती मिळेल का?

आधीच कार्ड घेतले असेल आणि फसवणूक झाली असे वाटत असेल, तर कार्ड फेकून देऊ नका. ते पुरावा आहे. पैसे मोबाईलवरून दिले असतील तर त्याची नोंद, एजंटाचे व्हॉट्सॲप संदेश, जाहिरातीचा कागद, दवाखान्याचे बिल, सगळे एका पिशवीत ठेवा. कंपनीला लेखी कळवून पैसे परत मागा, मग १९१५ वर तक्रार करा. वर्ष संपल्यावर खात्यातून आपोआप पुन्हा पैसे कापले जाणार नाहीत ना, तेही बँकेत तपासा.

शेवटी

आम्ही निघण्याआधी खालांच्या मुलाने आमच्यासमोर १९१५ ला फोन लावला. कार्डाचे पैसे त्याने मोबाईलवरून दिले होते, त्यामुळे तारीख आणि कुणाला दिले याची नोंद निघाली. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पैसे परत येतील का, हे पुढे कळेल. बांगड्या अजून गहाणच आहेत.

तोवर खालांनी दुसरे एक काम केले. भिंतीवर वीजबिल अडकवायच्या खिळ्याला त्यांनी एक पारदर्शक पिशवी टांगली. त्यात रेशन कार्ड, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे, मालकांचे हृदयाचे रिपोर्ट आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन नंबर: रुग्णवाहिकेचा १०८, योजनेचा १५५३८८ आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. सून शिकलेली आहे, तिने जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची नावे आरोग्यमित्राला विचारून खाली लिहायची असे ठरवले. बचत गटाच्या बैठकीत ती हे इतर बायकांनाही दाखवणार आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात ज्यांना मोबाईल हाताळता येतो त्या मुलांनी दोन तास बसून म्हाताऱ्या माणसांची आयुष्मान कार्डे काढून द्यावीत, असे खालांच्या पतीने सुचवले. खर्च काहीच नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, हा अंक खाली ठेवण्याआधी एकदा उठा आणि आपल्या घरातले रेशन कार्ड कुठे आहे ते बघा. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का, नव्या सुनेचे, लहान बाळाचे नाव चढले आहे का, तेही बघा. नसेल तर उद्याच तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात जा. पहाटे तीन वाजता कुणाच्या छातीत कळ आली, तर हा कागद शोधायला वेळ नसतो.